काळ्या बुरशीचं काम करून घेतलं: चार स्टार, आणि एक का कापला ते पण वाचा

निकाल आधीच सांगतो म्हणजे ज्याला घाई आहे तो इथनंच परत फिरेल. काम चांगलं. आकडा ऐकून पोटात गोळा येतो पण काम बघितल्यावर मान्य होतं. वेळ पाळायच्या नावानं बोंब. रिपोर्ट लांबलचक आणि सगळा इंग्रजीत. पाचपैकी चार स्टार देतोय आणि ते जवळजवळ सगळे एकाच गोष्टीसाठी आहेत, बुरशी काढायला आलेल्या या पोरांनी तिला हात लावायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते शोधलं. बाकी जेवढे लोक घरी येऊन गेले त्यातल्या एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता.

आमचा फ्लॅट नागाळा पार्कात, खालच्या अंगाला, तळमजला. कोल्हापूरकराला एवढं सांगितलं की पुढचं त्याला कळतं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ असतं, आणि २०१९ ला ती ५५ च्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या. दोन्ही वेळा घरात पाणी. गाळ काढला, भिंती धुतल्या, खालचं प्लास्टर तोडून नवीन केलं, तरी वर्षाच्या आत खालच्या अंगाला पांढरा लोणा फुटला, पोपडे पडायला लागले. मग एका इंटिरियरवाल्यानं बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पत्र्याचे चॅनेल मारून त्यावर जिप्सम बोर्ड ठोकला, वर पुट्टी, वर फिकट निळा कलर, आणि पुढं प्लायचं वॉर्डरोब चिकटवून टाकलं. दिसायला झक्कास. आता दहा वर्षं बघायला नको म्हणाला. लोणा दिसायचा बंद झाला हे खरंच, भिंतच दिसायची बंद झाली ना.

मग एका पावसाळ्यात वास सुरू झाला. आई म्हणायची, "अरे ह्या खोलीत कायतरी कुबट वास यायलाय बघ, वॉर्डरोबमागं उंदीर मेलाय काय?" उंदीर वगैरे काय नव्हतं. आईला खोकला, रात्री जास्त, आणि पोरगीचं नाक कायम चोंदलेलं, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ. दोघी त्याच खोलीत झोपतात. मे महिन्यात दोघी गारगोटीला मामाकडं राहायला गेल्या तर तिथं दोघींना बरं, परत आल्या की परत सुरू. हे छातीच्या डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी फुंकायची टेस्ट केली, इन्हेलर दिला आणि पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की घरात ओल आहे का.

त्याच सुमारास वॉर्डरोबच्या बाजूला, स्कर्टिंगच्या वर काळे ठिपके उठले. पेंटरला बोलवलं. त्यानं कोरड्या पॉलिश पेपरनं ते घासलं, सगळ्या खोलीभर धूळ केली, वर अँटीफंगल म्हणून दोन हात मारले आणि पैसे घेऊन गेला. दसऱ्याच्या आत ठिपके परत, आधीपेक्षा मोठे, आणि आता पलीकडच्या कोपऱ्यातही. पेंटरला फोन केला तर म्हणाला पाऊस थांबला की आपोआप जातंय. नाव घेत नाही, पण असे पेंटर प्रत्येक पेठेत आहेत हे तुम्हालाही माहिती आहे.

मग आला फॉगिंगवाला. हा माणूस दारात उभा राहूनच बोलायला लागला, "सर हे टॉक्सिक ब्लॅक मोल्ड आहे, फुफ्फुस खातंय हे, कोरोनात ब्लॅक फंगसनं माणसांचे डोळे काढायला लागले होते आठवतंय का, तेच हे." आईचा चेहरा पांढरा पडला. उपाय काय तर सगळ्या फ्लॅटला फॉगिंग, स्क्वेअर फुटाचा रेट, दोन तास घराबाहेर बसा, आल्यावर बुरशी खलास. भिंतीला हातही लावला नाही त्यानं, मागं काय आहे ते विचारलंही नाही. त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हेच सगळं विचारलं, ते हसले आणि मग नीट बसून सांगितलं. ते इथं लिहितोय कारण हा भीतीचा धंदा जोरात चाललाय आणि पूरपट्ट्यातली माणसं आयतीच सापडतात.

तर २०२१ ला जे ब्लॅक फंगस म्हणून गाजलं ते म्युकरमायकोसिस, ती वेगळीच बुरशी. ती मातीत, कुजक्या पाल्यात सगळीकडं असते, आणि ज्यांची शुगर हाताबाहेर होती, स्टेरॉईड चालू होती अशांना तिनं गाठलं. काळं म्हणायचं कारण आतला मेलेला मांसाचा भाग काळा पडतो, बुरशी काळी म्हणून नव्हे. भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, अल्टरनेरिया असल्या जाती, आणि कधीकधी ती नाव कमावलेली स्टॅकीबॉट्रिस. नुसता रंग बघून जात ओळखता येत नाही, मोबाईलच्या फोटोवरून तर नाहीच नाही. त्या स्टॅकीबॉट्रिसची दहशत अमेरिकेतल्या क्लीव्हलंडपासून सुरू झाली, १९९३-९४ ला तिथं तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसात रक्तस्राव झाला, तेव्हा या बुरशीवर बोट दाखवलं गेलं, पण २००० साली सीडीसीनं, म्हणजे अमेरिकेच्याच सरकारी आरोग्य संस्थेनं, फेरतपासणी केली आणि संबंध सिद्ध होत नाही म्हणून सांगितलं. ते नंतरचं वाक्य फॉगिंगवाले सांगत नाहीत.

पण म्हणून काहीच होत नाही असंही नव्हे, डॉक्टर त्यावर चांगलेच कडक बोलले. ओल आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं हे जास्त होतं आणि दमा असेल तर तो उसळतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ ला सगळे पुरावे गोळा करून मार्गदर्शक सूचनाच काढल्यात. त्यात बुरशीचा सुरक्षित आकडा अमुक असं काही दिलेलं नाही, ओल होऊच देऊ नका हाच मुख्य मुद्दा. काहींना ॲलर्जीनं फुफ्फुसाला सूज येते, आणि केमो चालू असलेल्यांना किंवा किडनी बदललेल्यांना खरंच जिवावरचं इन्फेक्शन होऊ शकतं. इंग्लंडात रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोरगं बुरशीच्या फ्लॅटमुळं श्वासाचा त्रास होऊन गेलं, तिथल्या कोरोनरनं, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यानं, २०२२ ला तसा स्पष्ट निकाल दिला, आणि मग कायदा झाला की सरकारी छापाच्या भाड्याच्या घरात ओल-बुरशीची तक्रार आली की मालकानं ठरलेल्या मुदतीत काम करायचं. त्याच्या आईबापालाही आधी काय सांगितलं होतं माहितीये का, वरनं रंग मारा. हे वाचल्यावर आमच्या पेंटरवर मी आणखी तापलो.

आता ज्यांना चार स्टार देतोय त्या बुरशी काढणाऱ्या मंडळींकडं येतो. फोनवर पहिलाच प्रश्न, "तळमजला का? पूर आलेला का? भिंतीला पॅनेलिंग आहे का?" तिन्हीला हो म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला फोटो पाठवू नका, बघायला येतो. पाहणीचे १,५०० घेतात, काम दिलं तर बिलातनं वजा करतात. मी उद्यमनगरात मशिनशॉपवर काम करतो, दिवसभर मायक्रोमीटर हातात, त्यामुळं कुणी मापाचं हत्यार काढलं की माझं लक्ष आपोआप जातं. त्यानं दोन टाचण्यांचं ओल मोजायचं मीटर काढलं. मी मुद्दाम विचारलं की हे बरोबर दाखवतं कशावरून. पोरगा जरापण चिडला नाही. म्हणाला, "दादा, आकड्यावर जाऊ नका. हे लाकडासाठी बनवलेलं असतंय, आणि भिंतीत लोणा असला की मिठामुळं करंट जास्त जातो, मग ते उगंच जास्त दाखवतंय. आपण समोरची सुकी भिंत आणि ही भिंत, दोन्हीतला फरक बघायचा, आणि खालनं वर फरक कसा बदलतोय ते बघायचं." तिथंच मला माणूस पटला. त्यानं पेन्सिलनं भिंतीवर चौकटी आखून खालपासून वरपर्यंत आकडे लिहिले.

आणि गंमत तिथंच झाली. पुराची किंवा जमिनीची ओल असेल तर खाली जास्त आणि वर कमी असायला पाहिजे. आमच्या भिंतीला खाली जास्त, मध्ये कमी, आणि उजव्या कोपऱ्यात छताजवळ परत जास्त. म्हणजे पाणी दोन बाजूंनी येत होतं. त्या कोपऱ्यामागं डक्ट आहे, सगळ्या मजल्यांच्या बाथरूमचे पाईप तिथनं उतरतात. शिवाय त्यानं समोरच्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप मारून चिकटवून ठेवला, दुसऱ्या दिवशी बघायचं, थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर भिंतीतनं ओल, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा. ही युक्ती फुकटातली आहे, कुणीही घरी करून बघा.

पॅनेल उघडायच्या दिवशी आई आणि पोरगीला शेजारी पाठवायला सांगितलं. खोलीतलं सगळं सामान बाहेर, दाराला जाड प्लास्टिक आणि त्याला चेन, खिडकीत एक्झॉस्ट फॅन बाहेरच्या तोंडानं, म्हणजे हवा घरातनं खोलीत ओढली जाते आणि खिडकीतनं बाहेर, घरात येत नाही. पोरांनी एन-९५ मास्क, बंद गॉगल, हातमोजे घातले, मलाही दिले. बोर्ड कापायच्या आधी पंपानं पाण्याचा बारीक फवारा मारला. मी म्हटलं आधीच ओलं आहे ते, आणखी कशाला भिजवताय, तर म्हणाला बुरशी ओली असते तोवर चिकट असते, वाळली आणि धक्का लागला की उडते. म्हणजे पेंटरनं कोरडं घासून जे केलं ते उलटच.

बोर्ड सुटला आणि त्याची मागची बाजू वळवली. पुढनं निळा सपाट कलर, चार ठिपके सोडले तर काही नाही. मागनं कागदच दिसत नव्हता. खालून गुडघ्याच्या वरपर्यंत हिरवट काळा थर, शेणानं सारवल्यासारखा ओलसर चमकणारा, कडेला तो फुटून गोल गोल चकत्या झालेल्या, एकात एक अडकलेल्या, आणि जिथं चॅनेल टेकला होता तिथं मात्र बरोब्बर पट्टीनं आखल्यासारखी स्वच्छ रेघ. चॅनेलच्या खाली गंज. वॉर्डरोबच्या पाठीमागचा प्लाय हातानं सोलला की पापुद्रे निघायचे. तो वास मास्कमधनंही आला. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही बाजूला कागद असतो आणि कागद म्हणजे या बुरशीचं जेवण, त्यात मागं कायम ओल, अंधार, हवा नाही. उघड्या सिमेंटच्या भिंतीवर एवढी वाढलीच नसती असं तो म्हणाला, लोणा झाकायला म्हणून आपण तिला ताट वाढून दिलं.

मी विचारलं ही तीच स्टॅकी का काय ती असेल का. म्हणाला असू शकते, ओल्या कागदावर तीच येते बऱ्याचदा, टेस्ट करायची तर टेपवर नमुना घेऊन लॅबला पाठवतो, पैसे वेगळे, पण करू नका कारण जात कुठलीही निघाली तरी काढायची पद्धत तीच. पैसे मिळत असताना नको म्हणणारा माणूस आजकाल दुर्मिळ आहे, तेव्हा हे मुद्दाम लिहितोय.

काढायची पद्धत थोडक्यात. डाग दिसतोय त्याच्या पुढंही चांगला दोन-दोन फूट बोर्ड कापून काढला, जाड पिशव्यांत भरून तोंड बांधलं, त्यावर दुसरी पिशवी, आणि पिशवी बाहेरनं पुसून मगच दारातनं बाहेर. जिप्सम, प्लाय, गादी असल्या आत ओल शोषणाऱ्या वस्तू धुवून उपयोग नसतो, टाकायच्याच. वीट आणि सिमेंट राहिलं ते साध्या डिटर्जंटच्या पाण्यानं ब्रशनं घासलं. मला वाटलं होतं मोठं काहीतरी केमिकल काढतील. तर म्हणे मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं, मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, ती भिंतीवर तशीच राहिली तर खोकला तसाच. फॉगिंगचं गणित इथं कळलं, दोन तासांत मारतील कदाचित, पण मढं तिथंच. शेवटी हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम सगळ्या खोलीवर, पंख्याच्या पात्यांवर, पडद्याच्या रॉडवरसुद्धा. साधा घरातला व्हॅक्यूम वापरला तर एका बाजूनं ओढून दुसऱ्या बाजूनं बारीक कण खोलीत सोडतो, तो वापरू नका.

ब्लीचिंगचं पण सांगून टाकतो. पुरानंतर आमच्या भागात प्रत्येकाच्या घरात ब्लीचिंग पावडर असतेच, आणि वरच्या काकूंनी आईला मनापासून सल्ला दिला होता की ब्लीचिंगच्या पाण्यात थोडं संडासचं ॲसिड टाक आणि मार, झटक्यात जातंय. असलं काही करू नका बाबांनो. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बेडरूममध्ये तर माणूस आडवाच. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही नको. फरशी, टाईल असल्या गुळगुळीत जागी पातळ ब्लीच एकटं चालतं, खिडकी उघडी ठेवून, पण प्लास्टरच्या आत ते पोचतच नाही.

गारगोटीचे मामा नेमके त्या दिवशी आले होते. जन्म साखर कारखान्यात गेलेला. बाहेर बसून म्हणायला लागले, "एवढं काय रे, आम्ही बगॅसच्या, उसाच्या चोथ्याच्या, डोंगरात तीस वर्षं काढली, काय झालं आम्हाला?" आता मामांना उलट बोलायचं नसतं, पण डॉक्टरांनी हीच गोष्ट मला सांगितली होती, बगॅसोसिस म्हणून आजारच आहे. ताज्या बगॅसनं नाही होत, साठवलेली, आतनं तापलेली, बुरा चढलेली बगॅस वाळून तिची धूळ छातीत गेली की ताप, खोकला, दम लागतो, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर फुफ्फुस कडक होतं. मामा जरा गप्प झाले, मग म्हणाले, "आमच्यातला तो एक गाडीवाला व्हता, सारखा खोकायचा, आम्ही बिडीवर ढकलायचो." मग त्यांनी स्वतःच मास्क मागून घेतला आणि आत येऊन सगळं नीट बघून गेले.

पाण्याचं म्हणाल तर डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाईपचा जॉईंट सुटला होता, वरच्या कुणाच्या आंघोळीचं पाणी थोडं थोडं भिंतीवर. यांच्याकडं प्लंबर नाही, तो तुम्ही आणायचा, हे आधी स्पष्ट सांगतात पण मला वाटतं एवढे पैसे घेता तर एक प्लंबर बरोबर ठेवायला काय हरकत आहे. खर्च कुणाचा यावर सोसायटीत जी मीटिंग झाली तिचं वेगळं पुस्तक निघेल. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधीत सरळ आहे, बाहेरच्या कॉमन पाईपलाईनची, ड्रेनेजची आणि पावसाची गळती सोसायटीनं बघायची, फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकची ज्याची त्यानं. चेअरमननी उपविधी वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवलं, तरी दोघं म्हणाले की तुमच्याच भिंतीला कसं काय येतंय. इथं यांचा तो पेन्सिलच्या आकड्यांचा फोटो कामाला आला, तो बघितल्यावर पाईपचे पैसे सोसायटीनं मंजूर केले. त्या एका फोटोवर पाहणीचे दीड हजार वसूल.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो वाळवण्याचा, आणि इथं या लोकांनी जो हट्ट धरला तो तेव्हा डोक्यात गेला होता पण बरोबर होता. खालचं लोण्याचं प्लास्टर विटेपर्यंत तोडलं आणि म्हणाले आता उघडी ठेवा, आकडा सुक्या भिंतीच्या जवळ आल्याशिवाय गिलावा करायचा नाही. ओलं झालेलं एक-दोन दिवसांत वाळलं तर बुरशी धरत नाही, ही भिंत तर वर्षानुवर्षं ओली. मी म्हटलं खिडक्या उघडतो, तर म्हणाला जुलैत कोल्हापुरात बाहेरचीच हवा ८० टक्क्यांच्या वर दमट, ती आत घेऊन काय वाळणार, घरात ६० च्या खाली पाहिजे. मग भाड्यानं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, दारं-खिडक्या बंद, आणि रोज त्याच्या टाकीतलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, ते बघूनच कळायचं की आपण कशात झोपत होतो.

मध्येच गौरी-गणपती आले. आई हट्टाला पेटली, "गौरी येणार आणि त्यांना ही उघडी वीट दाखवणार व्हय?" शेवटी पोराला फोन केला, त्यानं तोडगा दिला, भिंतीपासून वीतभर सोडून बांबू टांगा आणि त्यावर साडी सोडा, भिंतीला चिकटवू नका. आईनं तिची जरीची हिरवी साडी काढली. पाहुण्यांना ते डेकोरेशनच वाटलं, एका वहिनींनी तर विचारलं की कल्पना कुणाची.

गिलावा दिवाळीनंतर आमच्या गवंड्यानं केला. वर ऑईल पेंट किंवा प्लास्टिकसारखा जाड डॅम्पप्रूफ नको, आतली ओल अडकून फुगे येतात, साधा चुना मारा असं यांनी सांगितलं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि तो इतका अल्कली असतो की बुरशीला तिथं जमत नाही. आमची आजी दर वर्षी नीळ घालून चुना मारून घ्यायची, मातीचं घर असून काळा ठिपका बघितलेला आठवत नाही. खोलीला आता वॉर्डरोबही भिंतीपासून चार बोटं पुढं.

आईचा इन्हेलर डॉक्टरांनी कमी केलाय, बंद नाही. पोरगीच्या सकाळच्या शिंका गेल्या. हे सगळं यांच्यामुळंच असं छातीठोक म्हणणार नाही, औषध पण चालूच होतं.

आता तक्रारी. दहाची वेळ देऊन दोन वाजता उगवायचं आणि फोन केला की पुलावर ट्रॅफिक आहे म्हणायचं, प्रत्येक वेळी कुठला पूल कुणास ठाऊक. भरलेल्या पिशव्या रात्रभर पार्किंगमध्ये ठेवल्या, सोसायटीची बोलणी मी खाल्ली. जिन्यात पांढऱ्या बुटांचे ठसे, ते आमच्या बाईंनी पुसले. जीएसटीचं बिल मागितल्यावर मिळालं. आणि तो रिपोर्ट, अहो ज्या घरात आजी राहते तिथं मराठीत दोन पानं लिहून द्यायला काय जातंय? फोटो छान आहेत पण खाली लिहिलेलं आईला मी वाचून दाखवायचं. स्टार कापला तो याचाच.

पैसे, आमच्या एका भिंतीचे, उघडणं, काढणं, घासणं, व्हॅक्यूम, पिशव्या मिळून २६,००० आणि मशीनचं भाडं दिवसाला ४००. प्लंबर, गवंडी, चुना वेगळे. बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या कडेला हात-दीड हाताचा डाग असेल तर यांना बोलवू नका, ते स्वतःच फोनवर तसं सांगतात. साधारण दहा स्क्वेअर फुटांच्या आत असेल तर मास्क-हातमोजे घालून डिटर्जंटनं घरीच घासायचं आणि गळती बंद करायची. घरात कुणाला दमा असेल किंवा केमो चालू असेल तर मात्र त्यानं त्या दिवशी घरात थांबायचं नाही, घासायचं तर लांबच.

आणि दुधाळी, शुक्रवार पेठ, रमणमळा, बावडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, जिथं जिथं पुराचं पाणी घरात आलं आणि नंतर पॅनेलिंग झालंय त्यांनी पावसाच्या आत एवढं करा. मेन स्विच बंद करून पॅनेलवरच्या एखाद्या स्विचबोर्डाची प्लेट सोडवा, आत टॉर्च मारा. बोर्डाच्या मागच्या कागदावर काळं दिसलं किंवा तो कुबट वास तोंडावर आला तर आत ब्रश, स्प्रे काही घालू नका, प्लेट परत लावा, कडेनं टेप मारा आणि मग फोन करा. जूनच्या आधी केलात तर लगेच येतात, जुलैत मला बरीच वाट बघायला लागली.